परतीचा घाट

मराठीचा प्राध्यापक आणि मोटारसायकल ही जोडी लोकांच्या डोळ्यांना अजून रुचत नाही. मराठीच्या प्राध्यापकाने खांद्याला शबनम लावून पायी चालावे, फार तर जुन्या स्कूटरवरून मंडईतली मेथीची जुडी घरी आणावी, एवढीच समाजाची त्याच्याकडून अपेक्षा असते. माझ्याकडे येझदी आहे. ती मी हौसेने विकत घेतलेली नाही. मामाकडून वारशाने आली. मामा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होता. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा निघू लागली, पुढे तिचीच येझदी झाली, आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. कारखाना गेला, मामाही गेला. गाडी मात्र आहे.

या गाडीच्या दोन खोडी आहेत. पहिली अशी की जो दांडा किक मारायला, तोच वळवला की गिअर बदलायला. नवखा माणूस गाडी सुरू करून गिअरचा दांडा शोधत बसतो. दुसरी खोड अशी की हिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. पंपावर मी खिशातून मापाची बाटली काढली की मागच्या रांगेतली तरुण मंडळी माझ्याकडे काढा करणाऱ्या वैद्याकडे पाहावे तशी पाहतात. मामा म्हणायचा, “भाचेबुवा, ही पिणारी गाडी आहे. म्हणून चालवणाऱ्याने पिऊ नये. दोघांतल्या एकानेच प्यावे.” आणि पुढे आणखी एक गोष्ट बजावायचा. चढणीवर ही गाडी तुला फसवायची नाही, उतारावर सांभाळ. उतारावर हिचे इंजिन फारसे धरत नाही. आणि मूठ बंद ठेवून गाडी तशीच सोडून दिलीस तर पेट्रोलबरोबर तेलही थांबते. तेव्हा उतरताना मधूनमधून मूठ पिळत राहा.

मामाचे हे बोलणे मी वीस वर्षे केवळ गाडीपुरते समजत होतो.

आमचे एक मंडळ आहे. त्याला नाव नाही, घटना नाही, वर्गणीही नाही. तात्या आमच्यात वडील. त्यांचा सदाशिव पेठेत छापखाना. त्यांच्याकडे एक जुनी बुलेट आहे, तिचा आवाज ओंकारेश्वराच्या पुलावरून निघाला की डेक्कनवर ऐकू येतो असे ते सांगतात आणि आम्ही मान्य करतो. दुसरे वकीलसाहेब, माझे शाळेपासूनचे मित्र. तिसरे बँकेतले मॅनेजर. चौथे उस्ताद, आम्हा सर्वांच्या गाड्यांचे डॉक्टर. यांच्या हाताचे काळे डाग लग्नातसुद्धा निघत नाहीत. आणि मी, ‘मास्तर’. महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी निघायचे, कुठला तरी घाट चढायचा, मुक्काम करायचा किंवा रात्री परतायचे, हा गेली पंधरा वर्षे आमचा नेम आहे. कात्रज झाला, पसरणी झाला, वरंधा झाला. पण आमचा लाडका रस्ता मुळशीचा.

हा रस्ता पुणेकराला सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. कोथरूड मागे टाकून चांदणी चौकात चढले की शहराचा हात सुटतो. पुढे भूगाव, डावी-उजवीकडे मंगल कार्यालये. मग भुकूम, आणि त्यानंतर पिरंगुटचा छोटा घाट. घाट कसला, सह्याद्रीने सहज काढलेली एक सुरकुती. पण तिच्यात दोन वळणे अशी आहेत की पुढून येणारा ट्रक आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. पिरंगुट ओलांडले की घोटावडे फाटा, पुढे पौड. पौडला थांबून चहा घेतला नाही तर गाडी पुढे जात नाही अशी आमची श्रद्धा आहे. पौडनंतर डोंगर जवळ येतात, खाचरांत भात उभे असते, आणि आश्विनात आंबेमोहर पिकत आला की साठ किलोमीटरच्या वेगातही त्याचा वास हेल्मेटच्या आत शिरतो. मग एकदम धरणाचे पाणी दिसते.

मुळशीचे हे पाणी साधे नाही. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने इथे धरण बांधायला घेतले, तेव्हा मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते. ‘सेनापती’ हे नाव त्यांना याच लढ्याने दिले. लढा तीन वर्षे चालला. शेवटी पाणी चढलेच, आणि जमिनी त्याखाली गेल्या. पुण्याकडे वाहणाऱ्या मुळा नदीचे हे पाणी उलटे फिरवून घाटाखाली भिऱ्याला नेतात आणि तिथे त्याची वीज करतात. या पाण्याकाठी बसले की मला नेहमी वाटते, वर सगळे शांत चमकते आहे, आणि खाली कोणाची तरी जोती आहेत, उंबरे आहेत.

तात्यांच्या एका नातेवाइकाचे या पाण्याजवळ शेत आहे. शेतावर दोन खोल्या आणि एक ओटा. आमची कोजागिरी तिथेच होते. पाच-सहा लिटर दूध, केशर, वेलदोडा, बदाम, चारोळी. ते आटवण्याचे काम उस्तादांकडे, कारण मंद आचेचे मर्म त्यांना कार्ब्युरेटरमुळे कळलेले आहे. पण खरे सांगायचे तर दूध ही आमच्या कोजागिरीची नांदी. मूळ नाटक बाटल्यांचे असे. मी त्या नाटकातला हौशी नट होतो. घरी मी कधी प्यायलो नाही. कॉलेजच्या गावी, परीक्षेच्या मोसमात, कधीही नाही. फक्त मंडळाबरोबर, वर्षातून बारा वेळा. हा हिशोब मी पुष्कळ दिवस अभिमानाने सांगत असे.

९ ऑक्टोबर २०२२ ची कोजागिरी रविवारी आली होती. चांदणी चौकातला जुना पूल पाडून नुकताच आठवडा झाला होता, आणि जाताना आम्ही सगळे तिथे गाड्या थांबवून, पूल नसलेल्या आकाशाकडे पाहून आलो होतो. दुसऱ्या दिवशी सोमवार. मुक्काम शक्य नव्हता. रात्री साडेबाराला आम्ही परतलो. वकीलसाहेब पुढे, मागे मी, त्यामागे मॅनेजर. पौडचे एस.टी. स्थानक मला आठवते. बंद टपरीपुढे एक कुत्रे झोपले होते, तेही आठवते. त्यानंतर मला आठवतो तो आमच्या सोसायटीतला नळ आणि त्याखाली धरलेले माझे डोके.

सकाळी मुलगी शाळेला निघाली. ती तेव्हा पाचवीत होती. खाली जाऊन परत वर आली आणि म्हणाली, “बाबा, गाडीचा आरसा कुठे गेला?”

मी खाली गेलो. उजवीकडचा आरसा दांड्यासकट मोडला होता. हँडलच्या टोकाला ओरखडा होता, पायटेकणी वाकली होती. माझ्या अंगावर मात्र खरचटलेलेसुद्धा नव्हते. मी गाडीपुढे उभा राहून आठवू लागलो. पौड, आणि मग नळ. मधले वीसेक किलोमीटर गहाळ. घोटावडे फाटा नाही, पिरंगुट नाही, घाट नाही, भुकूम नाही, भूगाव नाही. झोपेतले स्वप्न जसे चिमटीत येता येता निसटते तसेही नव्हे. तिथे काही नव्हतेच.

डॉक्टर लोक याचे कारण सांगतात. दारू रक्तात झपाट्याने चढली की मेंदूतला नव्या आठवणी टिपणारा भाग आपले काम थांबवतो. माणूस बोलतो, हसतो, गाडी हाकतो, वळणावर गिअरही बदलतो. ती झोप नव्हे की बेशुद्धी नव्हे. फक्त नोंदवहीत काही चढत नाही. आणि जे चढलेच नाही ते पुढे कितीही डोके खाजवले तरी आठवत नाही.

पण त्या सकाळी मला शास्त्र सुचत नव्हते. एकच प्रश्न होता. आरसा कशाला लागला? कशाला, की कोणाला?

कॉलेजात फोन करून मी तब्येतीचे निमित्त सांगितले. घरी काही बोललो नाही. सौ.ने विचारलेही नाही. तिने फक्त डब्यातली पोळीभाजी काढून ताटात वाढली, आणि तो न विचारलेला प्रश्न मला अजून बोचतो. मी बसने निघालो. पौडकडे जाणाऱ्या बसमध्ये उजवीकडची खिडकी धरून बसलो. पंधरा वर्षे ज्या रस्त्याची मी वर्णने करत आलो तो रस्ता त्या दिवशी मी पोलिसाच्या नजरेने पाहिला. कडेला चपला पडल्या आहेत का? कुठे माणसे जमली आहेत का? डांबरावर एक तांबूस डाग दिसला तेव्हा पोटात गोळा आला. पुढे पाहतो तो फुटलेले तांबडे भोपळे, कुठल्या तरी टेम्पोतून पडलेले. भूगावला उतरलो, चहाच्या टपरीवर विचारले, “रात्री इकडे काही अपघात वगैरे?” टपरीवाला म्हणाला, “रोजच असतंय सायेब. तुमचं कोण होतं?”

या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

भुकूमपासून घाट मी चालत चढलो. त्या दोन वळणांपैकी वरच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला रंगवलेला एक दगड आहे. दगडाच्या पायथ्याशी काचेचे तुकडे होते. एका तुकड्यात आकाश दिसत होते. बाजूला माझ्या आरशाची मागची काळी वाटी. म्हणजे दगड! मी खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. पण घाट उतरून पिरंगुटच्या थांब्यावर आलो तेव्हा मन म्हणाले, पायटेकणी दगडानेच वाकली हे कशावरून? आधी आणखी काही झाले नसेल हे कशावरून? पुढचा आठवडाभर मी वर्तमानपत्रातल्या तालुक्याच्या बातम्या अक्षर न् अक्षर वाचल्या. काही नव्हते. बहुधा काही झालेही नव्हते. पण ‘बहुधा’ या शब्दावर मला आयुष्य काढायचे आहे, हे त्या थांब्यावर मला कळून चुकले.

हे सगळे मी मंडळात कोणाला सांगितले नाही. गाडी घसरली, आरसा गेला, एवढेच सांगितले. उस्तादांनी नवा आरसा बसवला आणि पैसे घेतले नाहीत. मी मनाशी ठरवले, यापुढे एकच. गंमत अशी की मी त्याच वर्षी वर्गात ‘एकच प्याला’ शिकवत होतो. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले; नाटक त्यानंतर त्याच वर्षी रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवले. शंभरावर वर्षे या नाटकाने ‘एकच’ या शब्दाचा पोकळपणा मराठी माणसाला सांगितला, आणि ते शिकवून पगार घेणारा मी डिसेंबरात महाबळेश्वरला एकावर चार प्यायलो.

जानेवारीत मी एका सभेला गेलो. पुण्यात या वाटेच्या माणसाला ‘मुक्तांगण’ माहीत असते, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते येरवड्याला उभे केले. मी गेलो ती सभा मात्र दुसऱ्या प्रकारची, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस यांची. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एक शेअरबाजारातला माणूस आणि एक शल्यवैद्य, दोघेही पिणारे, एकमेकांना भेटले आणि एकाने दुसऱ्याला आपली गोष्ट सांगितली. त्यातून ही चळवळ निघाली. भारतात ती १९५७ मध्ये आली. फी नाही, उपदेश नाही, आडनाव नाही. शाळेचा वर्ग होता. बाके चौथीची, आमचे गुडघे बाकाला अडत होते.

मी माझा नेहमीचा हिशोब सांगितला. रोज नाही, घरी नाही, वर्षातून बारा वेळा. शेजारी एक निवृत्त एस.टी. चालक बसले होते. ते म्हणाले, “सर, किती वेळा प्यायलात ते आम्ही विचारलं नाही. प्यायल्यावर काय झालं ते सांगा.”

मी सांगितले. कोणी हळहळले नाही, कोणी च् च् केले नाही. एक रिक्षावाला म्हणाला, “माझी कर्वे रोडची एक रात्र अशीच गेलेली आहे.” एवढेच.

चालकसाहेबांना मी पुढे एकदा विचारले, मंडळ सोडू का? मित्र पिणार, आणि मी त्यांच्याबरोबर हिंडणार, हे जमावे कसे? त्यांनी तीस वर्षे घाटातून एस.टी. चालवली होती. म्हणाले, “पहिलं वर्ष जाऊ नका. पुढं जायचंच झालं तर गाडी स्वतःची न्या, आणि तोंड रस्त्याकडं करून लावा. हातात आपला पेला कायम भरलेला ठेवा, दुधाचा का असेना. तिसरा पेग भरला की उठा, कारण त्यानंतर बोलणं तेच तेच असतं. आणि सर, ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा. हा आमचा नियम. वर गेलं की माणूस सैल सोडतो, आणि अपघात उतारालाच होतात.”

पहिले वर्ष मी पूर्ण पाळले नाही. मित्रांवाचून राहवेना. पण प्यायलो नाही. त्याऐवजी सबबी सांगितल्या, आणि या बाबतीत माझी प्रतिभा पीएच.डी.च्या तोडीची निघाली. आधी पित्त झाले. मग अँटिबायोटिक चालू झाले आणि ते तीन महिने चालले. मग मी चातुर्मास धरला, वकीलसाहेब म्हणाले, “मास्तर, चातुर्मास ज्येष्ठात?” २०२३ ची कोजागिरी २८ ऑक्टोबरला आली आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण! मी आयुष्यात पहिल्यांदा वेध पाळले. इतके कडक की दूधसुद्धा घेतले नाही. तात्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासलेल्या माणसाची ती नजर. पण ते काही बोलले नाहीत.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वर्गात एका मुलीने मला विचारले होते, “सर, तळीराम वाईट माणूस होता का?” मी पुस्तकी उत्तर दिले. आज विचारले तर निराळे देईन. माझे मित्र तळीराम नव्हेत. माझ्या वडिलांच्या आजारात वकीलसाहेब अकरा रात्री दवाखान्यात बसले होते. मॅनेजरांनी न मागता पैसे आणून ठेवले होते. ते मला पेला पुढे करत तो मला बुडवायला नव्हे. पंधरा वर्षांचे प्रेम त्यांना त्याच भांड्यातून वाढायची सवय होती. आणि मी तो नाकारताना खोटे बोलत होतो. म्हणजे दारू सोडून मी त्यांच्यापासून दूर गेलो नव्हतो. पित्त, चातुर्मास आणि ग्रहण यांनी दूर गेलो होतो.

२०२४ ची कोजागिरी बुधवारी होती. पण आमच्या मंडळाचे पंचांग नोकरदारांचे. आम्ही ती शनिवारी, १९ ऑक्टोबरला साजरी केली. चंद्र त्यामुळे जरा उशिरा उगवला, आणि एका बाजूने झिजलेला. मॅनेजरांचा धाकटा मेहुणा त्या खेपेला बरोबर होता. सव्वीस वर्षांचा, हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत, नवीकोरी मोटारसायकल. वाटेत माझ्या गाडीची किक आणि गिअर एकच आहे हे पाहून त्याला इतका आनंद झाला की पौडला त्याने तीनदा ती सुरू करून पाहिली.

दूध झाले, बाटल्या निघाल्या. मी माझा पेला दुधाने भरून ठेवला, गाडीचे तोंड रस्त्याकडे होते. पाण्यावर चंद्र लांबला. बोलणे रंगले, मग तेच तेच होऊ लागले. साडेबाराच्या सुमारास मेहुणा उठला आणि हेल्मेट शोधू लागला.

“कुठे?” मॅनेजर म्हणाले.

“घरी. उद्या दहाला मुलगी बघायला जायचंय, दाजी. आई वाट बघत असेल.”

“सकाळी जा की.”

“दोनच घेतलेत. मला काही चढलेली नाही.”

कोणी काही बोलेना. कारण आम्ही सगळ्यांनी याच ओट्यावरून असेच म्हणून पंधरा वर्षे गाड्या काढल्या होत्या. मी म्हणालो, “मलाही चढलेली नव्हती.”

“कधी, सर?”

आणि मग मी सांगितले. कुत्रे, नळ, मुलीचा प्रश्न, बस, भोपळे, टपरीवाला, दगड. सबबींचेही सांगितले, ग्रहणासकट. सांगताना मला माझाच आवाज परका वाटत होता, कारण वर्गात मी इतका सावकाश कधी बोलत नाही. शेवटी म्हणालो, “कायद्यात शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे, दंड आहे, तुरुंगही आहे, ते सगळे वकीलसाहेब सांगतील. मला एवढेच ठाऊक आहे की मी कोणाला धडकलो नाही हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आणि कधीच सांगू शकणार नाही.”

बराच वेळ फक्त बेडकांचा आवाज होता. मग वकीलसाहेब म्हणाले, “त्या रात्री तू माझ्यामागे अगदी सरळ चालवत होतास. मी आरशात पाहत होतो.”

“घाटात पाहिलेस?”

ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “घाट मला तरी कुठे आठवतोय.” आणि एकदम चिडले. “दोन वर्षं हे पोटात ठेवलंस, आणि आज पोरासमोर कीर्तन लावतोस?” ते उठून आत गेले आणि पांघरूण ओढून झोपले. त्यांचे खरे होते. ही गोष्ट आधी त्यांना सांगायला हवी होती.

तात्यांनी खिशातून बुलेटची किल्ली काढली आणि दुधाच्या रिकाम्या पातेल्याच्या झाकणात टाकली. काही बोलले नाहीत. उस्तादांनी टाकली. मॅनेजरांनी टाकली. मेहुणा हेल्मेट हातात धरून पायरीवर उभा होता. किल्ली त्याने टाकली नाही. तो जाऊन आपल्या गाडीवर बसला, आणि मी कान देऊन ऐकत राहिलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मग तो परत आला आणि म्हणाला, “सर, दूध उरलंय का?”

कोजागिरीच्या मध्यरात्री लक्ष्मी आकाशातून फिरते आणि विचारते, ‘को जागर्ति?’ कोण जागे आहे? लहानपणी आजी सांगायची तेव्हा मला वाटे, हा धनाचा प्रश्न आहे. त्या रात्री ओट्यावर एकटा जागा असताना वाटले, हा प्रश्न घाट उतरणाऱ्यांसाठी असावा. पाचांमध्ये एकाने जागे असावे. तो शहाणा असतो म्हणून नव्हे. त्याला आपली एक झोप ठाऊक असते म्हणून.

शरीर दारू आपल्या चालीने बाहेर टाकते, साधारण तासाला एक पेग. गार पाणी किंवा काळी कॉफी यांनी ती चाल वाढत नाही. मेहुण्याला साडेसहाला उठवले तेव्हा त्याचे डोळे स्वच्छ होते. आम्ही दोघेच पुढे निघालो. भातावर धुके होते. पौडला चहा घेतला. तेच कुत्रे असेल असे नव्हे, पण एक कुत्रे होते. पिरंगुटनंतर घाट चढलो, वरच्या वळणापाशी मी हात दाखवून थांबलो. दगडाला नवा पांढरा रंग दिला होता. मेहुण्याने खाली वाकून पाहिले. काच अर्थातच नव्हती, दोन वर्षांच्या पावसाने नेली होती. तो म्हणाला, “सर, इथून रस्ता सोडला असता तर खाली काय आहे?” आम्ही दोघांनी खाली पाहिले आणि मग काही न बोलता गाड्या सुरू केल्या. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो. मधूनमधून मी मूठ पिळत होतो.

त्याचे लग्न फेब्रुवारीत झाले. वकीलसाहेब लग्नात भेटले, गोड बोलले, पण मंडळात ते अजून आलेले नाहीत. मी दर महिन्याला निघण्यापूर्वी त्यांना फोन करतो. ते म्हणतात, पुढच्या खेपेला पाहू. सबब ओळखण्यात मी आता तज्ज्ञ आहे. पण फोन करतोच. बाकीचे अजून पितात. मी त्यांना पिऊ नका म्हणत नाही. मात्र किल्ल्यांचे झाकण आता मंडळाचा रिवाज झाले आहे, आणि पहिली किल्ली तात्या टाकतात.

त्या सकाळी मी घरी पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. पौड, घोटावडे फाटा, पिरंगुट, घाट, भुकूम, भूगाव, चांदणी चौकातला नवा पूल. एकही जागा गहाळ नव्हती. गाडीचा आवाज ऐकून मुलगी खाली आली. ती आता सातवीत होती. तिने मला काही विचारले नाही. आधी उजवा आरसा पाहिला, मग डावा, आणि मग म्हणाली, “चला, आईने पोहे केलेत.”

दोन्ही आरसे ती अजून पाहते.